घरात कुत्रा आहे, मग पीस लिली ठेवायची की नाही?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारी रात्री साडेदहाला ताईचा फोन आला. आवाजावरूनच कळलं की काहीतरी बिनसलंय.

"अगं, बिस्किटने ती पांढऱ्या फुलाची कुंडी पाडली. पान चावलंय त्याने. तोंडातून नुसती लाळ गळतेय. गुगल केलं तर 'विषारी' असं लिहिलंय. मी मिठाचं पाणी कालवलंय, पाजू का?"

बिस्किट म्हणजे ताईचा पाच महिन्यांचा लॅब्रेडॉर. आणि पांढऱ्या फुलाची कुंडी म्हणजे वास्तुशांतीला आलेली पीस लिली.

मी तिला म्हटलं, काहीही पाजू नकोस, आधी डॉक्टरांना विचारू. एका ओळखीच्या पशुवैद्यांना फोन जोडला. त्यांनी तीन प्रश्न विचारले. झाड कोणतं? साधारण किती खाल्लं? श्वास नीट चालू आहे का? उत्तरं ऐकून त्यांनी सगळ्यात आधी मिठाचं पाणी मोरीत ओतायला सांगितलं. मग तोंड धुवायला आणि लक्ष ठेवायला सांगितलं. सकाळी बिस्किट नेहमीसारखा नाश्त्यासाठी भांडं वाजवत होता.

खरी गंमत पुढे आहे. ताईने डॉक्टरांना बाल्कनीचा फोटो पाठवला होता. त्यात पीस लिलीच्या मागे, खालच्याच फळीवर एक दुसरं झाड होतं. फुगीर बुंधा, गुलाबी फुलं. डॉक्टरांनी ते आजच्या आज उचलून वर ठेवायला सांगितलं. ते होतं अडेनियम. त्या झाडाबद्दल आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आजवर एकही फॉरवर्ड आलेला नव्हता.

म्हणजे ज्याची आम्हाला भीती वाटली, ते झाड त्यातल्या त्यात सौम्य होतं. ज्याच्याकडे कुणी बघितलंही नाही, ते खरं धोक्याचं होतं. आणि दोन्हींपेक्षा आधी नडलं असतं ते ताईने कालवलेलं मिठाचं पाणी.

हे असं का, ते नीट समजून घेऊ.

आधी सरळ उत्तर

पीस लिली कुत्र्यासाठी सुरक्षित नाही. पण ती जीवघेणीही सहसा नसते. कुत्र्याने पान चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते, उलटी होऊ शकते. बहुतेक कुत्र्यांना काही तासांत, फार तर दिवसभरात बरं वाटतं. क्वचित घसा सुजून श्वासाला त्रास होतो, तेव्हा मात्र लगेच दवाखाना गाठावा लागतो.

घरात कुत्रा असेल तर पीस लिली त्याच्या तोंडाला लागणार नाही अशा उंचीवर ठेवा. पिल्लू असेल आणि उंच जागा नसेल, तर सरळ कुणाला तरी देऊन टाका. एवढं वाचून थांबायचं असेल तर थांबू शकता. पण बाल्कनीत आणखी झाडं असतील तर पुढचं वाचाच.

पीस लिली आहे तरी कोण?

नावात लिली असली तरी ही लिली नाही. हिचं शास्त्रीय नाव स्पॅथिफायलम आणि कूळ आपल्या ओळखीचं आहे, अळूचं. अळू, सुरण, मनी प्लांट, अँथुरियम, मॉन्स्टेरा, सिंगोनियम, डिफेनबाखिया ही सगळी याच खानदानातली भावंडं.

आपण जिला पांढरी पाकळी म्हणतो ती मुळात पाकळीच नाही. ते एक बदललेलं पान आहे. मधला जो काठीसारखा दांडा दिसतो, त्याच्यावर खरी फुलं असतात, अगदी बारीक बारीक. अँथुरियमचंही तसंच.

ही मूळची मुख्यतः मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या उष्ण जंगलातली. दाट झाडीखाली वाढणारी, म्हणून कमी उजेडातही तग धरते. फ्लॅटमध्ये ती रुजली त्याचं मोठं कारण हेच. दुसरं कारण म्हणजे 'नासा'. १९८९ साली नासाच्या एका अभ्यासात बंद पेट्यांमध्ये काही झाडं ठेवून ती हवेतली रसायनं किती शोषतात हे बघितलं होतं. त्यात पीस लिली होती. तेव्हापासून 'हवा शुद्ध करणारं झाड' अशी तिची जाहिरात सुरू आहे.

पण आपलं घर म्हणजे बंद पेटी नव्हे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी असे जुने अभ्यास तपासून हिशोब मांडला. घरात नेहमी जी हवा खेळते, तिची बरोबरी करायची तर दर चौरस मीटरला किमान १० आणि काही रसायनांसाठी १००० पर्यंत झाडं लागतील, असं त्यांना दिसलं. तेव्हा पीस लिली देखणी आहे म्हणून जरूर ठेवा. हवेसाठी ठेवत असाल तर खिडकी उघडणं जास्त कामाचं.

चावल्यावर तोंडात नेमकं काय होतं?

हे समजायला आपल्याला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. आजीच्या स्वयंपाकघरात गेलं तरी पुरे.

अळूची भाजी कच्ची राहिली किंवा पान खाजरं निघालं की घसा खवखवतो, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. सुरण चिरताना हाताला तेल किंवा आमसूल लावतात. अळूच्या फदफद्यात चिंच हवीच. 'खाई त्याला खवखवे' ही म्हणसुद्धा त्यातूनच कळते.

खवखवणारी ती वस्तू म्हणजे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक. डोळ्यांना न दिसणाऱ्या या सुया असतात, दोन्हीकडून टोकदार. पानाच्या काही खास पेशींमध्ये त्यांच्या जुड्या बांधून ठेवलेल्या असतात, काडेपेटीत काड्या असतात तशा. पान दाताखाली आलं की पेशी फुटते आणि सुया बाहेर पडून जीभ, हिरड्या, घसा यांत रुततात. झाडाने जनावरांपासून स्वतःचा बचाव करायला केलेली ही सोय आहे.

पीस लिलीच्या पानात, देठात, फुलात हेच स्फटिक असतात. आपण अळू शिजवून, आंबट घालून खातो. कुत्रा कच्चं पान चावतो. मग पुढचं चित्र असं दिसतं:

- चावल्यावर लगेच किंवा थोड्याच वेळात लाळ गळायला लागते.
- कुत्रा पंजाने तोंड खाजवतो, जमिनीवर किंवा सोफ्यावर तोंड घासतो.
- गिळताना त्रास होतो, खाणं नको म्हणतो.
- काही वेळा उलटी होते.
- ओठ किंवा जीभ थोडी सुजते.

बघणाऱ्याला हे भयंकर वाटतं. लाळ तर इतकी गळते की फेस आलाय असं वाटतं. पण इथे एक गोष्ट कुत्र्याच्या बाजूची आहे. आग लगेच होते, त्यामुळे तो सहसा एक-दोन घास घेऊन पान सोडून देतो. पोटात फार जातच नाही. शिवाय हे स्फटिक पाण्यात विरघळत नाहीत, त्यामुळे रक्तात मिसळून हृदय किंवा मूत्रपिंडापर्यंत सहसा पोहोचत नाहीत. जिथे लागलं तिथेच दुखतं.

काळजी जास्त घ्यायची ती लहान पिल्लांची आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांची. त्यांची श्वासाची वाट आधीच अरुंद असते. त्यात सूज आली तर अडचण लवकर होते.

मनी प्लांट, अँथुरियम, डिफेनबाखिया यांनाही हाच नियम लागू. त्रासाचा प्रकार तोच, प्रमाण थोडं कमी-जास्त. डिफेनबाखिया जरा जास्त जहाल.

'लिली' या नावाचा घोळ

सोशल मीडियावर 'लिलीमुळे पाळीव प्राणी दगावतात' अशा पोस्ट फिरतात. त्या खोट्या नाहीत. पण त्या कोणत्या लिलीबद्दल आणि कोणत्या प्राण्याबद्दल आहेत, हे पुढे ढकलताना गळून पडतं. नुसत्या 'लिली' म्हणवल्या जाणाऱ्या झाडांत निदान चार वेगळे प्रकार आहेत.

पहिला प्रकार खऱ्या लिलीचा, म्हणजे लिलियम. फुलवाल्याकडे मोठ्या, सुगंधी फुलांचे गुच्छ मिळतात ते. या आणि डे लिली मांजरांसाठी जीवघेण्या आहेत. मांजराने पान खाल्लं, अंगावरचे परागकण चाटले, अगदी फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी तिची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कुत्र्याला मात्र या लिलीने साधारणपणे पोट बिघडण्यापलीकडे काही होत नाही. घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही असतील तर हा फरक लक्षात ठेवाच.

दुसरा प्रकार लिली ऑफ द व्हॅली. घंटेसारखी बारीक पांढरी फुलं येणारं हे थंड प्रदेशातलं झाड आहे. आपल्याकडच्या बाल्कनीत ते दिसणार नाही. पण युरोप-अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांच्या अंगणात असू शकतं. ते हृदयावर परिणाम करतं आणि कुत्र्यासाठी खरोखर धोकादायक आहे.

तिसरा प्रकार स्पायडर लिली, रेन लिली वगैरे. पावसाळ्यात आपल्या सोसायट्यांच्या बागेत फुलतात त्या. यांच्या कांद्यात लायकोरिन नावाचं द्रव्य असतं. कुत्र्याने माती उकरून कांदा खाल्ला तर उलट्या-जुलाब होतात.

चौथी आपली पीस लिली. तिचं काय ते वर बघितलंच.

नाव एक, पण चौघींची तऱ्हा चार. म्हणून पशुवैद्यांना नुसतं 'लिली खाल्ली' असं सांगून उपयोग नाही. फोटो पाठवा.

सगळं 'विषारी' सारखं नसतं

कुत्र्यासाठी कोणती झाडं धोक्याची, हे बघायला जगभरातले लोक 'एएसपीसीए' या अमेरिकेतल्या प्राणी संस्थेची यादी वापरतात. यादी चांगली आहे, इंटरनेटवर फुकट आहे. पण तिथे पीस लिलीपुढेही 'कुत्र्यांसाठी विषारी' असंच लिहिलेलं असतं आणि कण्हेरीपुढेही तेच. त्या एका शब्दावरून कशाने तोंड पोळेल आणि कशाने जीव जाईल, हे कळत नाही. इन्स्टाग्रामच्या रीलमध्ये तर 'ही दहा झाडं आजच फेकून द्या' एवढंच उरतं.

त्यामुळे आपल्या घराभोवतीच्या झाडांची धोक्याप्रमाणे उतरंड लावून बघू.

सगळ्यात वर कण्हेर, बिट्टी आणि अडेनियम. तिघंही एकाच कुळातली. यांच्या पानांत, फुलांत, बियांत, चिकात हृदयावर मारा करणारी द्रव्यं असतात. हृदयाच्या पेशींमध्ये सोडियम आणि पोटॅशियमची ये-जा सांभाळणारा एक पंप असतो, तो ही द्रव्यं बंद पाडतात. हृदयरोगावरचं डिजॉक्सिन हे औषधही याच पद्धतीने काम करतं, फक्त मोजून मापून. झाडाच्या पानात कुणी मोजून ठेवलेलं नसतं. कुत्र्याला आधी उलट्या-जुलाब होतात, मग अशक्तपणा येतो, ठोके मंद किंवा वेडेवाकडे पडतात. वेळेत उपचार झाले नाहीत तर मृत्यू येऊ शकतो. आफ्रिकेत अडेनियमचा रस शिकारीच्या बाणांना लावत असत, यावरून काय ते समजा. आपण मात्र ते छोट्या कुंडीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर, अगदी पिल्लाच्या तोंडापुढे ठेवतो.

कण्हेर महामार्गाच्या दुभाजकांवर लावलेली तुम्ही बघितली असेल. गुरं तिला तोंड लावत नाहीत. पण पिल्लू भूक लागली म्हणून चावत नाही, ते दात शिवशिवतात म्हणून चावतं. शिवाय कण्हेरीचं पान वाळलं तरी विष तसंच राहतं, कडवटपणा मात्र कमी होतो. त्यामुळे घरात एक जागा आवर्जून तपासा, ती म्हणजे निर्माल्याची पिशवी. पूजेत कण्हेर किंवा बिट्टीची फुलं वाहिली जातात. ती निर्माल्यात जातात आणि पिशवी दाराच्या मुठीला लटकते. बरोबर कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर.

त्याच वरच्या पायरीवर सायकस, म्हणजे सागो पाम. हे फुलझाड नाही, पण बंगल्यांच्या फाटकाशी आणि सोसायट्यांच्या लॉबीत हमखास असतं. याला पाम म्हणतात, पण हे पाम नाही. याने कुत्र्याचं यकृत निकामी होतं. बिया सर्वांत घातक. अरेका पाम मात्र सुरक्षित आहे. इथेही नावावर जाऊ नका.

त्याखालच्या पायरीवर कलांचो आणि सदाफुली. कलांचो म्हणजे जाड पानांचं, लाल-केशरी-पिवळ्या बारीक फुलांचे झुबके येणारं झाड. थंडीच्या दिवसांत नर्सरीत रांगेने मांडलेलं असतं. आपली औषधी म्हणून ओळखली जाणारी पानफुटी हिची सख्खी बहीण. ही खाल्ली तर बहुतेक वेळा उलट्या-जुलाबांवर निभावतं, पण जास्त खाल्ली तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

सदाफुलीची कथा जरा वेगळी आहे. हिच्यातल्या द्रव्यांमुळे कुत्र्याला उलट्या होतात, रक्तदाब उतरतो, जास्त प्रमाणात खाल्लं तर झटकेही येऊ शकतात. पण याच झाडातून व्हिन्क्रिस्टिन नावाचं कॅन्सरवरचं औषध मिळतं. रस्त्यावरच्या कुत्र्यांमध्ये जननेंद्रियावर गाठ येण्याचा एक संसर्गजन्य कॅन्सर आढळतो, त्यावर पशुवैद्य व्हिन्क्रिस्टिनचीच इंजेक्शनं देतात. काही आठवडे, आठवड्यातून एकदा. त्याने अनेक कुत्री पूर्ण बरी होतात. झाड तेच. एका कुत्र्याला ते आजारी पाडतं आणि दुसऱ्याला वाचवतं. फरक मात्रेचा आणि हातात इंजेक्शन कुणाच्या आहे याचा.

सगळ्यात खालच्या पायरीवर पीस लिली, अँथुरियम, मनी प्लांट आणि शेवंती. त्रास होतो, पण जीवावर सहसा बेतत नाही.

झाड सोडा, कुंडीत काय आहे?

हा मुद्दा यादीत येत नाही आणि म्हणून सगळ्यांच्या नजरेतून सुटतो. कुत्रा कुंडी उकरतो तेव्हा तो पानापेक्षा माती आणि खत जास्त खातो.

नर्सरीत सेंद्रिय खत म्हणून पेंड मिळते. त्यात निंबोळी पेंड असते आणि एरंडीची पेंडही असते. एरंडीच्या बीमध्ये रिसिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. तेल काढल्यावर ते पेंडीतच राहतं. पेंड नीट तापवून प्रक्रिया केलेली असेल तर ते निष्प्रभ होतं, पण प्रत्येक पेंडीची तशी खात्री देता येत नाही. त्यात हाडांचा चुरा म्हणजे बोनमील मिसळलेलं असलं की कुत्र्याला तो वास खाऊसारखाच येतो. त्रास लगेच दिसत नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू होतात, तोवर कुंडी उकरल्याचं घरचे विसरलेले असतात.

सेंद्रिय म्हणजे निरुपद्रवी, हा आपला समज इथे महागात पडू शकतो. घरात कुत्रा असेल तर एरंडीची पेंड आणूच नका. शेणखत, गांडूळखत वापरा आणि त्याचीही पिशवी बंद कपाटात ठेवा. पावसाळ्यात गोगलगाईंसाठी टाकतात त्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या आणि मातीत टाकायची दाणेदार कीटकनाशकं तर कुत्र्याच्या आसपासही नकोत.

खाल्लंच तर काय करायचं?

समजा आत्ता, या क्षणी तुमच्या कुत्र्याच्या तोंडात पीस लिलीचं पान आहे. घाबरू नका, या क्रमाने जा.

एक. तोंडातले तुकडे काढा. बोट चावलं जाणार नाही याची काळजी घ्या. कुत्रा दुखण्याने बिथरलेला असतो.

दोन. ओल्या कपड्याने जीभ आणि हिरड्या पुसा, साध्या पाण्याने तोंड धुवा. पाण्याची धार घशात मारू नका, बाजूने सोडा.

तीन. तो नीट गिळत असेल तर प्यायला थंड पाणी ठेवा. चमचा-दोन चमचे दही किंवा थोडं दूध चाटायला दिलं तर आग थोडी शमते. वाटीभर देऊ नका, त्याने पोट बिघडेल.

चार. झाडाचा फोटो काढा. पान, फूल आणि अख्खी कुंडी दिसू दे. साधारण किती वाजता, किती खाल्लं आणि कुत्र्याचं वजन किती, हे लिहून पशुवैद्यांना पाठवा आणि लगेच फोन करा.

पाच. पुढचे काही तास लक्ष ठेवा. श्वास घेताना आवाज येत असेल, जीभ किंवा चेहरा सुजत असेल, उलट्या थांबत नसतील, पाणीही गिळता येत नसेल तर फोनवर वेळ न घालवता दवाखाना गाठा.

कण्हेर, बिट्टी, अडेनियम, सायकस किंवा एरंडीची पेंड असेल तर लक्षणांची वाट बघायचीच नाही. कुत्रा टुणटुणीत दिसत असला तरी लगेच न्यायचं. पहिल्या काही तासांत डॉक्टर जे करू शकतात, ते नंतर करता येत नाही.

आणि काय करायचं नाही?

मिठाचं पाणी पाजायचं नाही. उलटी काढायचा हा आपला घरगुती उपाय कुत्र्याला फार महाग पडू शकतो. रक्तात सोडियम एकदम वाढलं की मेंदूवर परिणाम होतो, झटके येतात, जीवही जाऊ शकतो. लाळ गळण्यावर थांबणारं दुखणं आपण स्वतःच्या हाताने वाढवून ठेवतो.

घशात बोट घालून उलटी काढायची नाही. ज्या सुया एकदा घशातून खाली गेल्या, त्या पुन्हा त्याच वाटेने वर आणायच्या कशाला? शिवाय उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. उलटी काढायची गरज आहे की नाही, हे डॉक्टरांना ठरवू द्या.

तेल, तूप, लिंबू असं काही ओतायचं नाही. आणि आपल्या गोळ्या, म्हणजे आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल वगैरे द्यायच्या नाहीत. कुत्र्यासाठी त्या स्वतःच विष ठरू शकतात.

आणखी एक काम आजच करून ठेवा. जवळच्या पशुवैद्यांचा नंबर आणि रात्री उघडा असणारा एखादा प्राण्यांचा दवाखाना शोधून फोनमध्ये जपून ठेवा. रात्री साडेदहाला, हात थरथरत असताना हे शोधणं किती अवघड असतं, ते आम्ही अनुभवलंय.

मग फुलझाडं लावायचीच नाहीत का?

लावा की! कुत्रा आणि फुलं दोन्ही एका घरात सुखाने राहू शकतात. मोगरा लावा, गुलाब लावा. गुलाबाला काटे असतात तेवढं बघा. जरबेरा, झिनिया चालतील. घरात, खिडकीशी ठेवायला आफ्रिकन व्हायोलेट, फॅलेनॉप्सिस जातीचं ऑर्किड, ख्रिसमस कॅक्टस ही फुलझाडं आहेत. नुसती हिरवळ हवी असेल तर अरेका पाम आणि स्पायडर प्लांट आहेत. यातलं काहीही कुत्र्यासाठी विषारी नाही. अर्थात विषारी नाही म्हणजे सॅलड नव्हे. पोटभर पानं खाल्ली तर यांनीही उलटी होणारच.

जागा ठरवताना कुत्र्याच्या नजरेने बघा. मागच्या पायांवर उभा राहिला तर कुठपर्यंत पोहोचतो? गळून पडलेली पानं-फुलं कुठे साचतात? खुर्चीवरून फळीवर उडी मारता येते का? टांगती कुंडी चांगली, पण मनी प्लांटचा वेल खाली लोंबायला लागला की तिचा उपयोग संपला.

पिल्लू असेल तर जास्त सावध राहा. साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे दात पडून पक्के दात येतात, त्या काळात समोर येईल ते चावलं जातं. चावायला त्याची स्वतःची खेळणी असतील तर कुंडीची आठवण कमी होते. कंटाळलेला, दिवसभर एकटा राहणारा मोठा कुत्राही झाडांवर राग काढतो. त्याला रोज नीट फिरवणं, खेळवणं हाही झाडं वाचवण्याचाच उपाय आहे.

आणि नर्सरीत गेलात की झाडाचं नाव विचारून घ्या. 'शोचं झाड आहे' या उत्तरावर समाधान मानू नका. फोटो काढा, नाव लिहा, मग विकत घ्या.

ताईची बाल्कनी आता

ताईने पीस लिली फेकली नाही. ती आता बेडरूममध्ये कपाटावर आहे आणि बेडरूमचं दार बंद असतं. अडेनियम खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेलं, त्यांच्याकडे ना कुत्रा, ना लहान मूल. निर्माल्याची पिशवी दाराच्या मुठीवरून वरच्या खिळ्यावर गेली. बाल्कनीत मोगऱ्याच्या दोन कुंड्या आल्या.

बिस्किटने पीस लिलीकडे पुन्हा तोंड वळवलेलं नाही. मोगऱ्याच्या कुंडीतली माती मात्र तो रोज उकरतो आणि ताई रोज ओरडते. फरक इतकाच की आता ती ओरडते, घाबरत नाही. त्या कुंडीत काय घातलंय, हे तिला नेमकं माहीत असतं.